पहिला घास

“योगियो,” आईने कोरियनमध्ये हाक मारली, आणि हॉटेलातल्या वाढप्याने खरंच मान वळवली.

तिचा जीव भांड्यात पडला. शिवणयंत्रावर बसून, कापडाला शिवण घालता घालता घोकलेलं वाया गेलं नव्हतं. मेनूतल्या फोटोंवर बोट ठेवत तिने ‘इगो जुसेयो’, म्हणजे ‘हे द्या’, असं दोन-तीनदा म्हटलं. समोरच्या विहीणबाई कौतुकाने किंचित वाकल्या. विहीणबाई अजून व्हायच्या होत्या म्हणा. आज त्या हो म्हणतात की नाही, हेच बघायचं होतं. मुलगा आणि त्यांची लेक गाडी बंद पडून वाटेतच अडकले होते. दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून एक पाण्याचा जग.

जेवण आलं. सूप, भात, भाज्यांच्या लहान लहान वाट्या. आईने हातानेच ‘घ्या’ म्हटलं. विहीणबाई हसल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आईही थांबली. पाहुण्याआधी घास घ्यायचा नाही, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. सुपावरची वाफ विरली, तरी त्या बसलेल्याच.

तिने मुलाला फोन लावला. “अरे, त्या अन्नाला शिवत नाहीयेत. मनात नाही वाटतं त्यांच्या हे.”

“तू काही चुकीचं बोललीस का?”

“चुकीचं बोलायला बरोबर कुठे येतंय मला? मागायला शिकवलंस बाबा, जेवा म्हणायला नाही शिकवलंस.”

पलीकडे मुलीशी काहीतरी कुजबुज झाली. मग मुलगा हसायलाच लागला. “आई, तू वयाने मोठी. मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय त्यांच्यात कुणी चमचा उचलत नाही. त्या तुझ्यासाठी थांबल्यात.”

“आणि मी त्यांच्यासाठी.”

“मग बसा दोघी उपाशी. अगं, ‘तुसेयो’ म्हण. म्हणजे जेवा.”

तिने फोन ठेवला. “तुसेयो.”

विहीणबाईंचा चेहरा उजळला. तळहात पुढे करून त्या म्हणाल्या, “तुसेयो.”

“अहो, तुम्ही तुसेयो.”

त्यांनी मान हलवली आणि तेच पुन्हा म्हटलं, जरा दटावून.

आग्रहात ही बाई काही आपल्याला हार जायची नाही, हे आईने ओळखलं. सकाळपासून छातीवर बसलेला दगड जरा सरकला.

पण अन्नाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. तिने मनात देवाचं नाव घेतलं, चमचा भरून हवेत धरला आणि भुवया उंचावल्या. विहीणबाईंनी क्षणभर पाहिलं. मग त्यांचाही चमचा वर आला. एकमेकींच्या हातावर नजर ठेवून, शर्यतीतल्या पोरींसारख्या, दोघी एकदमच वाकल्या.

फोन वाजला. दोघींचीही तोंडं भरलेली होती.