गॅरेजमधली जागा

जुनी फ्रेंच स्पोर्ट्स कार घ्यायला गेलो, तर मालकांनी किमतीचं नावच काढलं नाही. आधी माझीच उलटतपासणी. "उन्हात उभी करणार नाही ना? दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही ना? बंद पडली की लाथ घालणाऱ्यांतले तर नाही ना तुम्ही?"

"काका, मी गाडी बघायला आलोय की मुलगी?"

ते हसले नाहीत. "पोटच्या पोरीसारखी जपलीय. घरदार बघितल्याशिवाय नाही द्यायची."

तेवढ्यात त्यांची मुलगी कॉफी घेऊन आली. तिचा ओठ फुटलेला होता, एक डोळा काळानिळा. मी नजर वळवली.

"आणि हे बघा," काका किल्लीवरून हळुवार अंगठा फिरवत म्हणाले, "घेतल्यावर नाही जमलं, तर मनात संकोच आणू नका. सरळ इथे परत आणून सोडा. गॅरेजमधली तिची जागा मी कायम रिकामी ठेवणार आहे."

कप उचलायला वाकलेली मुलगी तशीच थांबली.

काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "एक चक्कर मारून बघा. आणि निघालाच आहात, तर हिला वाटेत सासरी सोडा. परवापासून येऊन बसलीय. एवढ्या-तेवढ्यावरून माहेरी यायचं म्हणजे काय!"

ती बॅग मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली.

"दार हळू ओढ गं," काका मागून कळवळून ओरडले, "धक्का सोसत नाही तिला!"