सिंकिंग फंडाचा ठराव

मुलुंडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत शेवंतीकाकूंनी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला. सेक्रेटरी नितेश हसला. “काय काकू, बिल्डर मिळाला का?” काकूंनी झाकण काढलं. आत प्लॅस्टरचा ढपला होता. “पहाटे नातवाच्या उशीवर पडला. पोरगा मुतायला उठला म्हणून वाचला. आता तरी दुरुस्तीचा सिंकिंग फंड सुरू करा रे!” मागून कुणीतरी म्हणालं, “बिल्डिंग पाडायचीच आहे, फंड कशाला?” काकू भडकल्या. “चौदा वर्षं हेच ऐकतेय. कुणाच्या डोक्यातून निघालं हे खूळ?” नितेशने जुनं इतिवृत्त उघडलं. ‘रिडेव्हलपमेंट होणारच, तेव्हा फंडाची वर्गणी बंद करावी. सूचक: सौ. शेवंती परब.’ पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडत होतं. काकूंनी ढपला उचलून आपल्या नावावर ठेवला. “लिही, फंड पुन्हा सुरू. सूचक मीच. अनुमोदन कोण देतंय?” सगळे छताकडे बघू लागले.