बिरदेव आज्याचा नेम

इंजिनाच्या तोंडातून पांढरा गोटा निघाला, तेव्हा दत्तरावानं आधी डोक्यावरचा पटका काढला आणि मग खाली बसून ढसाढसा रडला.

गोटा कोंबडीच्या अंड्याएवढा. गुळगुळीत. विमानाच्या नाकाखाली हवा ओढायचं भोक असतं, त्यात खोल रुतून बसलेला. पुण्याहून आलेल्या मनीषा मॅडमनी तो चिमट्यानं ओढून काढला आणि तळहातावर धरून नुसत्या बघत राहिल्या. जुनी लढाऊ विमानं दुरुस्त करून पुन्हा उभी करायची, हा त्यांचा उद्योग. इंजिनात पाखराचं घरटं सापडतं, मधमाश्यांचं पोळं सापडतं. दगड त्यांनाही नवा होता.

"दुधना नदीतला हाय," दत्तराव म्हणाला. "माझ्या आज्याच्या गोफणीतला."

पुढची गोष्ट गावाला तोंडपाठ होती. निजामाच्या राजवटीचे शेवटचे दिवस. बिरदेव धनगर मेंढरं चारत होता. विमान इतकं खाली आलं की मेंढरं चौखूर उधळली आणि बिरदेवाचं टाळकं सरकलं. निजामाचं विमान, दुसऱ्या कुणाचं असणार? त्यानं गोफण गरागरा फिरवली आणि गोटा सोडला. विमान खोकलं, धूर ओकलं आणि गावचे पुढारी माणिकराव, त्यांच्या वावरात पोटावर येऊन बसलं. आतला माणूस उडी टाकून कापसातून सेलूकडं जो पळाला, तो पळालाच. त्या धामधुमीत चौकशीला कुणी फिरकलं नाही. पंखांचं मेंढवाड्यावर छप्पर झालं, शेपटाचं दार झालं, इंजिन कडुलिंबाखाली पडून राहिलं.

शाळेपुढं गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगड होता. सगळ्यात वर माणिकरावांच्या वडलांचं नाव. खाली थोडी जागा शिल्लक होती, आणि तिथं आज्याचं नाव यावं म्हणून दत्तरावानं उभी हयात घालवली. दर मुक्तिदिनाला झेंडा वर गेला की तो बोलायला उठायचा. माणिकराव म्हणायचे, बस खाली दत्तराव, इमान काय होला पाखरू हाय का गोफणीनं पडायला? लोक पोट धरून हसायचे. घरीही तीच गत. तुमच्या आज्याचा नेम समोरच्या म्हशीला लागत नसंल, असं बायको कोंडाबाई एकदा बोलून गेली, तर हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता.

आणि आज गोटाच बाहेर आला. माणिकराव स्वतः उठून आले, त्यांनी दत्तरावाला छातीशी धरलं आणि चारचौघांत कबूल केलं की चूक झाली, येत्या सतरा सप्टेंबरला नाव कोरून टाकू. कुणीतरी साखर आणली. कोंडाबाईनं गोट्याला हळदकुंकू लावलं. दत्तरावाला आभाळ ठेंगणं झालं.

मॅडमही खुशीत होत्या. ब्रह्मदेशात जपान्यांच्या गोळ्यांनी या विमानाची चाळण केली, तरी ते माघारी आलं, असं त्या इंजिनावरच्या नंबरावरून सांगत होत्या; पुढं ते कुणाच्या हाती गेलं, त्याची नोंद नव्हती. आणि पडलं कुठं, तर मेंढरांमागं. आता देवगाव फाट्यावर चौथरा बांधून ते उभं करायचं, खाली पाटी लावायची. पण मूळ रंग कळायला हवा. म्हणून मेंढवाड्याचं दार उतरवलं. कोंडाबाईनं आणि तिच्या सासूनं वर्षानुवर्षं सारवलेलं शेण पाणी लागताच सुटायला लागलं.

आधी पिवळसर पट्टा निघाला. निजामाचा झेंडा पिवळाच होता, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आणखी घासलं तर तो केशरी निघाला. त्याच्या शेजारी पांढरा. मग हिरवा.

निजामाला वठणीवर आणायला निघालेल्या आपल्याच फौजेचं हे विमान, असं मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. दत्तरावाच्या तोंडातली साखर कडू झाली.

माणिकरावांचा चेहरा मात्र उजळला.

"नाव कोरायचंच, मॅडम," ते म्हणाले. "पण शाळेपुढं न्हाई. फाट्यावर, इमानाच्या खाली. कुणी पाडलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू द्या."

मॅडमनी दत्तरावाकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. गोटा त्याच्या मुठीत होता. त्याला आज्याची लाज वाटली, आणि आज्याची लाज वाटावी याचं त्याहून वाईट वाटलं. त्यानं कोंडाबाईकडं बघितलं. ती तोंडाला पदर लावून उभी होती. त्यानं हात पाठीमागं नेला आणि गोटा हळूच मेंढरांच्या पायात सोडून दिला.

"कशाचं काय, मॅडम," तो म्हणाला. "आमच्या आज्याचा नेम समोरच्या म्हशीला लागत नव्हता. इमानाला कुठून लागंल?"