रविवारचे पाढे

कॅमेरा सुरू व्हायच्या आधी नंदिनीताईंनी उत्तराच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"हळू बोल आणि हसत राहा. त्यांना जपानीत काय सांगायचं ते मी बघते."

जपानमधल्या कोतो भागातल्या त्या इमारतीत भारतीय घरं दोनच. एक नंदिनीताईंचं, पंधरा वर्षांचं आणि मालकीचं. दुसरं उत्तराचं, तिच्या नवऱ्याच्या, विनयच्या बँकेने राहायला दिलेलं. तळमजल्यावरच्या कमिटीच्या हॉलमध्ये उत्तरा दर रविवारी मराठीचा वर्ग घेत असे. आसपासची मराठी मुलं सायकलवरून यायची, बूट दारात ओळीने लावायची आणि मग छप्पर उडेल अशा आवाजात पाढे म्हणायची. घरी आईला जपानीत उत्तरं देणारी तिची लेक तन्वीसुद्धा तिथे 'बे दुणे चार' ठणकावून म्हणे. मुंबईची नोकरी सोडून आल्यावर उत्तराकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

आता त्यावरच गदा आली होती. आवाजाचा त्रास होतो, अशी कुणीतरी कमिटीकडे निनावी तक्रार केली होती. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं. तेवढ्यात गल्लीबोळातल्या घडामोडी दाखवणाऱ्या केबल चॅनलची माणसं आपणहून आली. त्यांच्या 'आपला शेजार' कार्यक्रमात वर्ग दिसला, तर कमिटीला नाही म्हणणं जड जाईल, असा विनयचा हिशेब होता.

शूटिंग छान झालं. मुलांनी पाढे म्हटले, बडबडगीत म्हटलं, एकाने मधेच शिंकून सगळ्यांना हसवलं. नंदिनीताई उत्तरा आणि मुलाखतकार यांच्यामध्ये ये-जा करत भाषांतर करत होत्या. जाता जाता सतरंजीवरच्या पुस्तकांना त्यांचा पाय लागला, तशा वाकून त्यांनी बोटं टेकवली, छातीशी नेली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. त्यांचा मुलगा क्षितिज मात्र वर्गाला कधीच येत नसे. रविवारी त्याचं बेसबॉल असायचं.

"ताई, तक्रार कुणी केली असेल हो?" सगळे गेल्यावर उत्तराने विचारलं.

"नाव कशाला घेऊ? पण हॉलच्या बरोबर डोक्यावर कोण राहतं?"

तिथे हायाशीबाई राहत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, कायम राखाडी स्वेटरमध्ये.

"मध्ये एकदा लिफ्टमध्ये त्या मला काहीतरी म्हणाल्या खऱ्या. आधी खाली बोट दाखवलं, मग आपल्या कानाकडे. मला काही कळलं नाही, मी नुसती मान हलवली."

"मग आणखी काय म्हणणार? आवाज होतो, हेच." नंदिनीताईंनी सुस्कारा सोडला. "हे बघ उत्तरा, इथं राहायचं तर दिसू नये आणि ऐकू तर मुळीच येऊ नये. मी हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या."

त्या दिवसापासून उत्तराने हायाशीबाईंशी बोलणं टाकलं. त्या लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करायच्या आणि ही मोबाइलमध्ये डोकं घालायची. दिवाळीत तिने ओळखीच्या सगळ्या घरांत चकल्या पोचवल्या, फक्त हायाशीबाईंचं दार वगळलं. शेजारधर्माला हे शोभणारं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण जी बाई आपल्याला एवढं पाण्यात पाहते, तिच्या तोंडात आपण काय म्हणून फराळाचं घालायचं?

कार्यक्रम शनिवारी दुपारी लागला. उत्तराने शिरा केला होता. सोफ्यावर विनय, तन्वी आणि आग्रहाने बोलावलेल्या नंदिनीताई. पडद्यावर मुलं पाढे म्हणू लागली आणि उत्तराचे डोळे भरून आले.

मग चित्र बदललं. 'इमारतीतील एक रहिवासी.' चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त राखाडी स्वेटर, मांडीवर जोडलेले हात आणि पायांतल्या सपाता. आवाजही यंत्रातून बदललेला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, माणसं वाईट नाहीत," नंदिनीताई सावकाश म्हणाल्या. "पण त्यांच्यामुळे बाकीच्यांना मान खाली घालावी लागते. वर्ग बंद झालेला बरा."

"हायाशीबाईच!" उत्तरा म्हणाली. "त्यांचा तो स्वेटर मी अंधारातही ओळखीन."

आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर हायाशीबाई आल्या. उघड्या चेहऱ्याने, खाली नाव लिहिलेलं, अंगात निळा झगा, मागे उघडी खिडकी. उत्तराने नंदिनीताईंकडे पाहिलं. त्यांनी कप उचलून तोंडाला लावला होता.

"आजी म्हणते, संडेला ती विंडो ओपन ठेवते," तन्वी सांगू लागली. "आमचे पाढे ऐकायला. तिला दोनचा येतो."

पडद्यावर हायाशीबाई तोंडावर हात धरून हसल्या आणि म्हणाल्या, "बे एके बे, बे दुणे चार."

"ती म्हणते, मी लिफ्टमध्ये त्या आईला सांगितलं की मी संडेची वाट बघते, ऐकते. मग ती आई माझ्याशी बोलतच नाही. माझं ऐकणं तिला आवडलं नसेल." तन्वी आईकडे वळली. "आई, ती सॉरी म्हणते."

उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दारावरून ती चकल्यांचा डबा घेऊन तशीच पुढे गेली होती.

"मग ती दुसरी बाई कोण?" विनयने विचारलं.

पडद्यावर पुन्हा तो राखाडी स्वेटर आला होता. मुलाखत संपली होती. ती व्यक्ती उठली, अगदी इथल्या रीतीने कमरेत वाकली आणि निघाली. मुलाखतकाराने खाली ठेवलेल्या कागदांना तिचा पाय लागला. ती चटकन वाकली, चेहऱ्यावर धूसर चौकोन पसरले, आणि तिने कागदांना बोटं टेकवून ती छातीशी नेली.