उसना तोल

मंगळागौरीच्या स्पर्धेआधी प्रमिला एका पायावर सहज उभी राहून बोटातली जोडवी सारखी करत होती, आणि तिची थोरली जाऊ शरयू बघवत नसूनही ते बघत होती. ताठ कणा, सैल खांदे, किंचित उचललेली हनुवटी: सत्तरीतल्या शरयूने वर्षानुवर्षांच्या व्यायामातून घडवलेला हा तोल होता. धाकट्या दिरांनी, म्हणजे प्रमिलाच्या नवऱ्याने, गळ घातली, म्हणून डॉक्टरांनी तो तिच्या शरीरातून टिपून घेतला आणि वारंवार पडणाऱ्या प्रमिलाच्या कानामागे बसवलेल्या चकतीत त्याची नक्कल उतरवली.

"प्रमिलाताई, काय रुबाब हो तुमचा!" मंडळातली कुणीतरी म्हणाली.

"आमच्या जाऊबाईंची कृपा," प्रमिला हसली.

शरयूने पदर कमरेला करकचून खोचला.

फुगडीसाठी दोघी समोरासमोर आल्या. हात गुंफले, पाय जुळले, वेग चढला. भोवतालचे सगळे चेहरे विरघळून केवळ प्रमिलाचा उजळलेला चेहरा उरला, आणि शरयूने बोटे सैल सोडली.

प्रमिला पडली नाही. हात सुटण्याआधीच तिचा डावा पाय मागे रोवला गेला होता, अगदी शरयूच्या पायासारखा. प्रेक्षकांना तो नवाच खेळ वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मुद्दाम सोडलेत ना, जाऊबाई?" प्रमिलाने धापा टाकत हळूच विचारले.

शरयूची नजर त्या रोवलेल्या डाव्या पायावर गेली.

"माझ्या पायांना आधीच कळलं होतं. चाल तुमचीच ना त्यांची!" प्रमिलाने पुन्हा हात पुढे केले. "खरं सांगू? माझीही बोटं सोडायला शिवशिवत होती. मी धरून ठेवली."