करुणाबाईचं व्हय

सर्जेराव घरात आला आणि भर दुपारी त्यानं दाराला आतून कडी लावली, तशी करुणा हातातलं काम टाकून उभी राहिली. दीर घरचाच माणूस, पण त्यानं कडी कधी लावली नव्हती.

"वहिनी, उद्या कोर्टात दिसलं नाय म्हणा," तो टेकायच्या आतच म्हणाला. "दिवेलागणीची वेळ होती. चेहरा कळला नाय. संपलं."

"पोलिसांना सांगितलंय की मी, भावजी. पाहिलं म्हणून."

"ते फिरवता येतं. वकिलानं बोलावून सांगितलंय मला."

करुणा चिकलठाण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. कामाला उशीर झाला की बाकीच्या बाया रिक्षा बंद पडल्याचं सांगत. ही 'डोळाच उघडला नाही' म्हणून मोकळी होई. शेजारणीनं एकदा सहज विचारलं, आमचे हे दारूच्या दुकानापाशी दिसले का गं? हिनं 'दिसले' म्हणून सांगितलं आणि त्या घरात चांगलीच भांडी वाजली. तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही, हे प्रभूचं सांगणं चर्चमध्ये सगळेच रविवारी ऐकत. ही ते सोमवारीही पाळायची, हीच तिची पंचाईत. करुणाबाईचं व्हय म्हंजी व्हय, असं वस्तीत बोललंच जाई.

आणि नेमका अशा बाईलाच तो अपघात दिसावा. कॅन्टीन सुटून ती वळणावर उभी होती. भरधाव टेम्पो आला, सायकलवरच्या पोराला उडवलं. पोरगा जागीच गेला. वळणावर टेम्पो हळू झाला, तेव्हा चालवणाऱ्याचा चेहरा तिला स्वच्छ दिसला. वाईट म्हणजे, त्यालाही ती दिसली. त्यानं तिला ओळखलं, आणि तरी टेम्पो पळवला.

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. प्रणय, तिचा एकुलता एक, गंगापूरला आजोळी जाऊन राहिला होता. तो इथं नाही तेच बरं, असं ती मनाला समजावी, आणि संध्याकाळी त्याच्याही वाटणीची भाकरी थापून बसे. फोन केला तर तो उचलत नव्हता.

"तुमचे पाळक सांगतात ना, शपथ वाहू नका म्हणून?" सर्जेरावानं आवाज खाली आणला. तो स्वतः चर्चला जायचा तो नाताळापुरता. "मग झालं तर! शपथच घेतली नाय, तर खोटं बोलल्याचं पाप कुठून लागंल?"

करुणाला हे पटावंसं वाटलं. इतकं पटावंसं वाटलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"शपथ नाय, म्हणूनच तर येकयेक शब्द खरा लागतो, भावजी."

"मग करा पोराचं वाटोळं." त्यानं उठून कडी काढली. "उद्या खरं बोललात, तर हे घर घर राहायचं नाय. ध्यानात ठेवा."

संध्याकाळी दगडाबाई आली. पिशोरची ही म्हातारी महिनाभर समोरच्या ओट्यावर येऊन बसत होती, करुणाच्या दाराकडे टक लावून. बोलायची काहीच नाही. तिचे दोन पुतणे कोपऱ्यावर मोटारसायकल चालूच ठेवून थांबत. मध्ये एकदा घराच्या पत्र्यावर दगड पडला. कुणी टाकला, हे विचारायला करुणा बाहेर गेली नाही. आज मात्र म्हातारी थेट उंबऱ्यापाशी आली. पदराआड तिनं काहीतरी टणक घट्ट धरलं होतं. करुणाची नजर तिथून हटेना.

"पाणी देऊ, मावशी?" घाबरल्या तोंडातून एवढंच निघालं.

"तुझ्या घरचं पाणी नगं मला. उद्या हाय ना?"

"व्हय."

"बोलताना माझ्या शिवमचा इचार कर. एकुलतं एक लेकरू म्हंजी काय असतंय, तुला सांगाया नगं. उलटं बोललीस तर..."

कोपऱ्यावरून हॉर्न वाजला. म्हातारी बोलणं तसंच टाकून निघून गेली.

दार लावून करुणा गुडघ्यांवर बसली. नेहमीची प्रार्थना आठवेना. 'प्रभू, उद्या मला ताप येऊ दे,' एवढंच तिनं मागितलं. सकाळी उठल्याउठल्या कपाळाला हात लावून पाहिला, तर ते गारच. प्रभूनंही अंग काढून घेतलं म्हणून ती त्याच्यावर रागावली, आणि धुतलेली साडी नेसून कोर्टात गेली.

दगडाबाई पहिल्याच बाकावर होती, तोच हात पदराआड. मागे पुतणे. दाराशी उभ्या सर्जेरावानं लांबूनच हात जोडले. आरोपीच्या पिंजऱ्याकडे करुणानं पाहिलंच नाही. साक्षीदाराच्या जागी उभी राहून तिनं कठडा धरून ठेवला.

"शपथ घ्या," कारकून म्हणाला.

"आम्ही शपथ वाहत नाही, साहेब. पण खरं तेच सांगीन."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि तिच्याकडून नुसती प्रतिज्ञा म्हणवून घेतली.

"अपघात तुम्ही डोळ्यांनी पाहिला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"व्हय."

दगडाबाईचा हात पदराआडून बाहेर येऊ लागला. म्हातारीनं हार घातलेली तसबीर काढली आणि मांडीवर उभी धरली. सायकलवरच्या त्या पोराचा चेहरा. शिवमचा.

"आणि टेम्पो कोण चालवत होतं?"

पिंजऱ्यातल्या तरुणानं मान वर केली. त्या संध्याकाळी काचेतून पाहिलं होतं, तसंच आताही तिच्याकडे पाहिलं.

"माझा मुलगा, साहेब," करुणा म्हणाली. "प्रणय."