काडतुसांचं टेबल

"आणखी एक स्क्रू," ऑर्विल म्हणाला. "टेबल हललं की काटा हलतो. काटा हलला की वजन चुकतं."

मार्लिसने गुडघ्यांवर बसून आणखी एक स्क्रू भिंतीत पिळला. वडिलांनी दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हसला.

ऑर्विल लुंडीन गेली पन्नास वर्षं आपली काडतुसं आपणच भरत होता. उडालेलं पितळी कवच पुसायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू घालायची, वर गोळी दाबायची. मॉन्टानातल्या त्या खोऱ्यात विकतची काडतुसं घेऊन एल्क हरणांच्या शिकारीला जाणाऱ्याला लोक पाहुणा समजत.

पण मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, हे विसरणं नुसतं वयाचं नाही. आधी गाडीची किल्ली गेली, मग घर विकलं. मुलीकडे राहायला आला त्या दिवशी तो दारातच म्हणाला, "मार्ली, बाकी सगळं गेलं तरी चालेल. एक टेबल तेवढं असू दे."

तिला नाही म्हणवलं नाही. तिने शिवणकामाची खोली मोकळी केली. शिलाई मशीन जिन्याखाली गेलं. काडतुसं दाबायचं लोखंडी प्रेस टेबलाच्या कडेला बोल्टने आवळलं. डोक्यावर एक दिवा, काट्यापाशी दुसरा. दारूचे डबे हीटरपासून लांब, लाकडी कपाटात.

"टेबलावर एका वेळी एकच डबा," ऑर्विल बजावत होता. "दोन आले की घोटाळा झालाच. आणि मी मोजत असताना बोलायचं नाही."

"मी कुठे बोलतेय?"

"तुझी आईही असंच म्हणायची. आणि मग तासभर बोलायची."

दुपारी तो झोपल्यावर मार्लिसने कपाट उघडलं. विसरणारा माणूस आणि बंदुकीची दारू एका छपराखाली, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. एका काडतुसात चुकून दोनदा दारू पडली, की बंदूक तोंडावरच फुटायची. आयुष्यभर या वस्तूला तिने हात लावला नव्हता. आज पहिल्यांदा चिमूटभर तळहातावर घेतली. बारीक, गोल, निळसर काळी. लिंबाच्या केकमध्ये ती घालायची त्या काळ्या खसखशीसारखी, अगदी हुबेहूब. त्यावरूनच तिला सुचलं.

दोन्ही डबे तिने शेडमागच्या खड्ड्यात ओतले, वर माती लोटली. मग स्वयंपाकघरातली खसखस त्यांत भरली आणि झाकणं घट्ट लावली. वडिलांची बंदूक आधीच डेल्मरकडे, त्यांच्या चाळीस वर्षांपासूनच्या शिकारी सोबत्याकडे, ठेवायला दिली होती. ती चिंता नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नाश्त्यानंतरचा तास त्या टेबलाचा झाला. ती काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची, तो मान हलवून दारू ओतायचा आणि प्रेसचा दांडा खाली ओढायचा. भरलेल्या काडतुसांची पेटी ती आपल्या कपाटात कुलपात ठेवायची. "शिकारीचा सीझन आला की काढू," म्हणायची.

लहानपणी तिचे वडील जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यं बोलले तरी पुष्कळ होतं. आता त्या एका तासात ते बोलत. आईला पहिल्यांदा नाचायला विचारलं तेव्हा बूट उसने आणले होते, हे तिला आता कळलं. तिच्या जन्माच्या दिवशी बर्फात ट्रक अडकला आणि ते सहा मैल चालत आले, हेही. सकाळचा नाश्ता काय होता ते त्यांना आठवत नसे, पण हे सगळं आठवे.

उठताना दर वेळी ते तिच्या हातावर हात ठेवत. "उपकार झाले गं, मार्ली."

ती मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. हा तास मिळाला म्हणून, आणि त्यांना काही कळलं नाही म्हणूनही.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी, आदल्या दिवशी कुलपात ठेवायची राहिलेली पेटी ती उचलायला गेली तर टेबल मोकळं.

"डॅड, कालची पेटी कुठे आहे?"

"डेल्मरला दिली. आत्ताच येऊन गेला. आज सीझन सुरू झाला ना."

दारूच नसेल तर नुसती बुडाची टोपी उडते, गोळी बंदुकीच्या नळीत अडकते, आणि मागून खरं काडतूस झाडलं की नळी फाटते. त्यांनीच शिकवलं होतं तिला.

ती चपलांवरच गाडीकडे धावली.

ती पोचली तेव्हा डेल्मर आपल्या अंगणात ट्रकमध्ये थर्मास ठेवत होता.

"डेल्मरकाका, ती काडतुसं उडवू नका!" तिला धाप लागली होती. मग तिने सगळं सांगून टाकलं. खड्डा, माती, खसखस. "मी त्यांना फसवलं. त्यांना कळलं तर ते खचतील हो."

डेल्मरने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मी ती उडवणार नव्हतोच, पोरी."

"म्हणजे?"

"तुला सांगायचं नाही असं कबूल केलंय मी. पण तू अशी चपलांवर धावत आलीस." तो ट्रकच्या पायरीवर टेकला. "मार्चमध्ये डॉक्टरकडून निघाला तो थेट माझ्याकडे आला. बंदूक दिली. दारूही सगळी माझ्या डब्यांत ओतली. म्हणाला, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, आणि घरात मार्ली असणार. पण ते टेबल मला हवंय. त्याशिवाय ती माझ्यापाशी तासभर कशाला बसेल?"

"पण डबे तर भरलेले होते. मी स्वतः ओतले."

"किराण्याच्या दुकानात मीच नेलं होतं त्याला," डेल्मर म्हणाला. "तू मातीत पुरलीस ना, तीही खसखसच होती."